गिटारच्या रियाजाला व्हर्च्युअल मिक्सर: गरज की नसती उठाठेव?

सहातारा (इंदिरानगर)
शनिवारी कॉलेज रोडला जुन्या बॅचची मंडळी चहाला भेटली. मी म्हटलं, लॅपटॉपवर गिटार शिकणाऱ्याने व्हर्च्युअल मिक्सर, म्हणजे वेगवेगळे आवाज हवे तिथे पाठवणारं सॉफ्टवेअर, टाकलाच पाहिजे. सगळे हसले. "तू बटणं लावेपर्यंत आमची दोन गाणी बसतील!" म्हणून इथे विचारतोय.

माझी अडचण अशी. सर आता पुण्याला असतात, क्लास व्हिडिओ कॉलवर. लॅपटॉपमध्ये एका वेळी चार आवाज: इंटरफेसमधून (गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी) येणारी गिटार, ब्राउझरमधला बॅकिंग ट्रॅक (साथीचं संगीत), ठोके देणारा मेट्रोनोम आणि सर. विंडोज बाहेर येणाऱ्या आवाजांची खिचडी करून हेडफोनला देतं, पण सरांकडे जाते ती फक्त गिटार. सर विचारतात, "अरे, कशावर वाजवतोयस?" ट्रॅक स्पीकरवर लावून माईकने पाठवला, तर सरांचा आवाजही त्यातून जातो आणि सरांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो.

व्हॉइसमीटर बनाना हा असा मिक्सर टाकला आणि प्रश्न मिटला. त्यात प्रत्येक आवाजाला एक पट्टी असते; पट्टीवर ए१ दाबलं की आवाज माझ्या हेडफोनला जातो, बी१ दाबलं की कॉलला. ब्राउझर आणि मेट्रोनोम एका व्हर्च्युअल पट्टीवर, सर दुसऱ्या पट्टीवर. ट्रॅकच्या पट्टीला ए१ आणि बी१ दोन्ही दाबले, सरांच्या पट्टीला फक्त ए१, गिटारला फक्त बी१, कारण गिटार मी इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून, म्हणजे लॅपटॉपमध्ये न शिरता थेट, ऐकतो. कॉलमध्ये माईक म्हणून बी१ निवडला. सरांना गिटार आणि ट्रॅक जातात, त्यांचा स्वतःचा आवाज जात नाही. एक पैसा लागला नाही. वाटलं तर द्या, अशी पद्धत आहे.

पंचवटीकर
एक पैसा लागला नाही, पण किती संध्याकाळी गेल्या ते सांगा की. माझा भाचा आठवडाभर हेच करत होता. विंडोजने अपडेट घेतलं, आउटपुट बदललं, सगळं मुकं. मग 'ऑडिओ इंजिन रीस्टार्ट करा' हा मंत्र. त्याची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची ती) अजून एफच्या पुढे सरकलेली नाही. आमच्या वेळी टेपवर गाणं लावायचं आणि कान देऊन वाजवायचं. ट्रॅक मोठा वाटला तर टेपचं बटण फिरवायचं.

सहातारा
काका, टेपवर सर बोलायचे का मधेच?

मांडववाला (सिडको)
मी साउंडचं काम करतो, म्हणून मधे पडतो. ही युक्ती नवी नाही. ज्याचा आवाज त्यालाच परत द्यायचा नाही, हे आम्ही मांडवात ऑक्स सेंडवर (मिक्सरमधून वेगळं मिश्रण बाहेर देणारी वाट) करतो. साधा चार चॅनलचा मिक्सर घ्या, सरांचा कॉल मोबाईलवर घ्या, ट्रॅक लॅपटॉपवर. मोबाईलच्या ऑक्सवर गिटार आणि ट्रॅक चढवा, मोबाईलचा चॅनल त्यात शून्यावर ठेवा. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हाताला लागतो, अपडेट मागत नाही.

सहातारा
दादा, मिक्सर, केबली, मोबाईलला लागणारी चार कड्यांची पिन... आणि टेबल माझं दीड फुटाचं. लॅपटॉपची पिन एकच, त्यामुळे ट्रॅक आणि मेट्रोनोम तिथेही एकाच वायरीत येणार.

मांडववाला
मग तुमच्या बनानातही ते एकाच पट्टीवर आहेत की! व्हर्च्युअल पट्ट्या दोनच. वेगळे हवेत तर व्हॉइसमीटरचंच पोटॅटो घ्या, त्यात तीन आहेत.

जुना वाडा
विषय थोडा वेगळा, पण आमच्याकडे मिक्सर खरा असो की खोटा, घूं घूं यायचीच. जुन्या वायरिंगला अर्थिंग नाही. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला की गप्प. कोणाला उपयोग झाला तर बघा.

सुरेल (गंगापूर रोड)
मी शिकवते, तेव्हा कॉलच्या पलीकडच्या बाजूने बोलते. मुलांनी हे वापरलं तर मला ट्रॅक ऐकू येतो, बरं वाटतं. पण कॉलच्या अ‍ॅपमधला 'ओरिजिनल साउंड' (आवाज आहे तसा पाठवणारा पर्याय) चालू केला नाही, तर लांबवलेला स्वर अ‍ॅपला गोंगाट वाटतो आणि ते तो कापून टाकतं. कितीही पट्ट्या लावा. शिवाय या जोडणीने मुलं तालात मागे पडायला लागतात, हे मी दोघांत पाहिलंय. माझं मत विरोधात.

मांडववाला
ताई, मुलं मागे पडत नसतील, गिटार मागे पडत असेल. सहातारा, तुमचा बफर किती, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे सोडतो?

सहातारा
५१२, ४८ किलोहर्ट्झला.

मांडववाला
म्हणजे एक बफर १०.७ मिलिसेकंदांचा. ट्रॅक तुमच्या कानाला पोचायला एक, गिटार आत यायला एक, झाले २१. वर ड्रायव्हरचं आणि मिक्सरचं वेगळं. तुम्ही कानातल्या ट्रॅकवर बरोबर वाजवता, डायरेक्ट मॉनिटरमुळे तुम्हाला काही जाणवत नाही. पण बी१ मध्ये ट्रॅक आधीच पुढे गेलेला असतो आणि गिटार मागून येते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळांश, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १२५ मिलिसेकंदांचा. तीस मागे पडले तर शिकलेला कान पकडणारच. माझ्या मिक्सरमध्ये दोन्ही वायरीने येतात, हा फरक पडतच नाही.

सहातारा
थांबा. सर दोन महिने "मागे पडतोयस" म्हणतायत, ते हे?

पंचवटीकर
बघा! फुकटात दोन महिने शिव्या.

मांडववाला
मोजून बघा. डायरेक्ट मॉनिटर बंद करा. इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकातून केबल गिटारच्या इनपुटला द्या, गेन (इनपुटचा जोर) कमी ठेवा, मेट्रोनोम लावा आणि बी१ रेकॉर्ड करा. एका ठोक्याचे दोन दिसतील, मधलं अंतर तुमचं.

सुरेल
हे मला माहीत नव्हतं. त्या दोघांना विचारते.

सहातारा
मोजलं. ५१२ ला अंतर ३१ मिलिसेकंद आलं. आसिओ (ASIO, आवाज कमी उशिराने नेणारा) ड्रायव्हर लावून बफर १२८ केला, तर ब्राउझर उघडताच कडकड. २५६ ला १७ वर थांबलो. तरी व्हर्च्युअलच्याच बाजूने आहे, कारण टेबल दीड फुटाचंच राहिलंय.

काल क्लास झाला. सर म्हणाले, "आज ताल बरा आहे. पण बी मायनरला अजून मागेच पडतोस."