'पाइप घासलेले आहेत' : गुण की दोष?

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

सदरबझार

जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलच्या विक्रीचा एक निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. गाडी कराडची. मजकूर असा :

"इंजिनला हात लावलेला नाही. पुढचे पाइप घासलेले आहेत. बॉटमला बफ मारलाय. कोनसेट नवीन. पेपर ओके."

पाइप म्हणजे पुढच्या शॉकअपचे चकचकीत दांडे, एवढं कळलं. 'घासलेले'पाशी मी अडलो. घरी विचारलं तर सगळ्यांना वाटतं, घासूनपुसून लख्ख केलेत. मित्र म्हणतो, झिजलेत हे तो प्रामाणिकपणे सांगतोय. पहिल्या अर्थानं किंमत चढायला हवी, दुसऱ्यानं उतरायला. जाणकारांनी सांगावं.

जोडून दुसरा प्रश्न. झिजलेले, डागाळलेले पुढचे शॉकअप घरी खोलायचे, साफ करायचे, दिसायला नव्यासारखे करून परत बसवायचे, या सगळ्या उद्योगाला मराठीत एक शब्द आहे का? 'रिस्टोअर केलं' ऐकून कान किटलेत.

उभयान्वयी

दोन्ही अर्थ बरोबर. विक्रेत्याला दोष देऊ नका, खोड क्रियापदात आहे.

शाळेत उभयविध क्रियापद शिकवतात ते आठवा. 'त्याने दार उघडले' आणि 'दार उघडले'. 'त्याने काठी मोडली' आणि 'काठी मोडली'. एकच धातू, कधी कर्म घेतो, कधी घेत नाही. 'घासणे' मूळचं सकर्मक. भांडी कोणीतरी घासतं, ती आपोआप घासली जात नाहीत (तशी सोय असती तर घरोघरी शांतता नांदली असती). पण बोलण्यात ते केव्हाच अकर्मकही झालंय. 'टायर घासलाय', 'ब्रेकशू घासलेत', 'चपलेची टाच एका बाजूनं घासलीय'. इथं कोणी मुद्दाम घासत बसलेलं नाही. वापरानं झीज झाली.

आता '-लेले' लावून विशेषण केलं की कर्ता वाक्यातून बाहेर जातो, आणि दोन्ही अर्थ एकाच खुर्चीत बसतात. सोडवणूक सहायक क्रियापदानं होते. 'घासून घेतलेत' म्हणजे काम केलंय. 'घासून गेलेत' म्हणजे वाट लागलीय. घेणे आणि जाणे यांच्याइतकी उपयोगी जोडी मराठीत थोडीच. विक्रेत्याला फोन करा आणि विचारा, घेतलेत की गेलेत?

लेथकाम

सर, व्याकरण मान्य. पण तिसरा अर्थ राहिला.

आमच्याकडं कुपवाडात 'पाइप घासायला दिलाय' म्हणजे ग्राइंडिंगला दिलाय. जुनं क्रोम उतरवायचं, पाइप वाकलाय का बघायचं, ग्राइंडिंग मारायचं, हार्ड क्रोम चढवायचं, परत ग्राइंडिंग करून मापात आणायचा. हे काम झालं असेल तर गाडी नक्की घ्या. फक्त असं काम केलेला माणूस 'घासलेत' एवढ्यावर थांबत नाही. 'क्रोम करून घेतलंय' असं छाती काढून सांगतो, कारण पैसे गेलेले असतात.

आधी वस्तूंची नावं सरळ करून घेऊ, नाहीतर चर्चा हवेत जाईल. गॅरेजात 'फोर्क' कोणी फारसं म्हणत नाही. सायकलला असतो तो चिमटा. मोटरसायकलला शॉकअप, काही जुने मेस्त्री शॉकॉप्सर म्हणतात, पुढचे आणि मागचे. पुढच्यात वरचा चकचकीत दांडा म्हणजे पाइप. तो ज्यात वरखाली सरकतो ती ॲल्युमिनियमची नळी म्हणजे बॉटम. बॉटमच्या तोंडाशी तेल आत रोखायला ऑइल सील, त्याच्यावर धूळ अडवायला डस्ट सील. दोन्ही पाइप वर ज्यात आवळलेले असतात ती टी. हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग म्हणजे कोनसेट.

आता मुद्द्याचं. पाइप पोलादाचा, वर क्रोम. हा थर मिलिमीटरच्या काही शतांशाइतकाच, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. क्रोमला गंज येत नाही. त्याच्यात बारीक भेगा असतात, एखादा खडा लागून टवका उडालेला असतो, तिथनं पाणी आत जातं आणि खालचं पोलाद गंजतं. म्हणून पाइपवर तपकिरी ठिपका दिसला की समजायचं, भोक आधी पडलंय, ठिपका नंतर आलाय. असल्या पाइपवर कोणी उत्साहानं १२० नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) मारला, तर ठिपका जातो आणि भोवतीचं क्रोमही जातं. दोन पावसाळ्यांत ठिपक्याचा चट्टा. त्यामुळं घरी पाइप 'घासला' म्हटलं की आमच्या पोटात गोळाच येतो.

गंमत एक बघा. क्रोमही चढतं आणि गंजही चढतो. आणि दोन्ही उतरवतातच.

मिरजवाली

एकट्या 'घासणे'वर सगळा भार टाकून आपण उगाच गरीब होतोय. हत्यारं, भांडी, कागद, लाकूड या सगळ्यांवर मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

घासणे : वस्तूचं काहीतरी निघतं. मळ, गंज, किंवा वस्तू स्वतः.

घोटणे : काही निघत नाही. दाबून, सतत एकाच गुळगुळीत गोष्टीनं फिरवून पृष्ठभाग बसवायचा. पोथ्यांसाठी कागद घोटायचे, म्हणून घोटीव कागद.

झिलई : वस्तूच्याच अंगाची चमक, घासून किंवा घोटून बाहेर आणलेली. अरबी 'जिला'. जिल्हई असंही लिहितात.

मुलामा : वरून दिलेला दुसऱ्या धातूचा थर. सोन्याचा मुलामा, चांदीचा मुलामा.

कल्हई : मुलाम्याची सख्खी बहीण, पण कथलाचीच. अरबीत 'कलई' म्हणजेच कथील. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून, नवसागर टाकून. काल एका ठिकाणी 'बाइकच्या सायलेन्सरला कल्हई' असं वाचलं. कल्हईवाला ऐकेल तर हसेल, सायलेन्सरच्या तापात कथील वितळून जाईल.

तेव्हा लेथकाम दादांच्या भाषेत बोलायचं तर पाइपला असतो तो मुलामा आणि बॉटमला येते ती झिलई. एक जपायचा, दुसरी बाहेर आणायची. दोघांना 'पॉलिश' म्हटलं की इथंच गोंधळ सुरू होतो.

आणखी एक शब्द आमच्या मिरजेतला, आता फक्त आडनावात उरलेला : शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे घासून उजळणं, फारसीत सैकलगर, म्हणजे तलवारी-कट्यारी उजळून धार लावणारा. (सायकलशी काही संबंध नाही. विषय दुचाकीचा आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.) मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी याच मंडळींची. हत्यारांचं काम कमी झालं तसा हात वाद्यांकडे वळला, फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धातू उजळणाऱ्या हातांना भोपळ्यावर पॉलिश चढवायला जड गेलं नसणार.

घाटमाथा

शासकीय मराठीत सस्पेन्शनला 'निलंबन' म्हणतात असं ऐकलंय. म्हणजे आमच्या यवतेश्वर घाटात गाडी आपटली तर 'पुढचं निलंबन झालं' असं लिहायचं का? तलाठी घाबरेल.

उभयान्वयी

नोकरीतून होतं ते निलंबन, द्रवात तरंगतं तेही निलंबन. तिसरं ओझं त्या शब्दावर नको. वर्तमानपत्रांत 'धक्काशोषक' वाचलाय. अर्थ नेमका आहे, पण दुकानात जाऊन मागून दाखवावा.

गावभाग

मी काम करणाऱ्यांपैकी, शब्दवाल्यांपैकी नाही. पण धागा वाचून राहवलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पाणी आलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कितीतरी गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. नंतर पुढचे शॉकअप घरीच खोलायला लोक शिकले, कारण गॅरेजांपुढं रांगा. पुराचा गाळ बारीक, लोण्यासारखा वाटतो, पण सीलच्या ओठात बसला की पाइपला चरे पाडतो. त्या दिवसांत आमच्या बोलण्यात जे शब्द पक्के झाले ते असे.

डाग म्हणजे वरचा. बोटाला लागत नाही. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा, पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवला की क्रोमवरचा डाग जातो. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळं क्रोमला ओरखडा येत नाही. शाळेच्या डब्याला गुंडाळतात तीच फॉइल.

खड्डा म्हणजे नखाला लागतो तो. सील जिथून सरकतं त्या पट्ट्यात नसेल, वर टीच्या बाजूला असेल, तर साफ करून मेण लावा आणि विसरा. सीलच्या वाटेत असेल तर कड उंच उभी राहिलेली असते आणि ती सीलचा ओठ कापते. तेवढी कड २००० नंबरच्या वॉटर पेपरनं, तेलात भिजवून उतरवायची. खड्डा दोन भागांच्या एपॉक्सीनं भरायचा, वाळल्यावर त्याच पेपरनं सपाट. हे तात्पुरतं. खड्डे जास्त असतील तर लेथकाम दादांच्या दारात जायचं किंवा नवा पाइप घ्यायचा.

चरा म्हणजे लांबट. आणि इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : पाइप कधीही उभा घासू नका. पेपर पट्टीसारखा गुंडाळून आडवा, गोल फिरवायचा. उभे चरे पडले की तेल त्यातूनच बाहेर येतं, नवं सील टाकलं तरी.

पापुद्रा आणि पोपडा यांत आम्ही फरक करतो. बॉटमवर कंपनीची पारदर्शक लॅकर असते, ती जुनी झाली की पिवळी पडून निघते, तो पापुद्रा. नंतर कोणीतरी मारलेला चंदेरी स्प्रे फुगून सुटतो, तो पोपडा. पापुद्रा नखानं निघतो, पोपड्याला रिमूव्हर लागतो.

बॉटमचं काम मात्र मनसोक्त करा. चाक, सील, सगळं काढून झाल्यावर रिमूव्हरनं रंग उतरवा. मग ४००, ६००, ८००, १०००, पाण्यातून. एक नंबर पूर्ण केल्याशिवाय पुढच्याकडं जायचं नाही, आधीच्या पेपरचे चरे मागं राहिले तर बफ मारल्यावर आरशात दिसावेत तसे उठून दिसतात. मग ड्रिल मशिनला कापडी बफ आणि तपकिरी साबण (पॉलिशचा, अंघोळीचा नव्हे). शेवटी मऊ फडक्यानं ब्रासो. घाई म्हणून कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. आणि ही झिलई उघडी ठेवली तर पावसाळ्यात पांढरट पडते. एकतर लॅकर मारा, नाहीतर दर महिन्याला फडकं घ्या.

पावडर कोटिंगला द्यायचे असतील तर आतलं बुश, सील काहीही ठेवू नका. भट्टी २०० अंशांच्या आसपास जाते.

उभयान्वयी

यावर टाळ्या. आता मूळ दुसरा प्रश्न. 'डागडुजी' लहान आहे, त्यात फक्त चालतं करणं येतं. 'जीर्णोद्धार' देवळाला शोभतो, आरएक्सला देव मानणाऱ्यांची हरकत नसली तरी. 'पुनरुज्जीवन' भाषणातलं. माझं मत 'उजाळा'. आठवणींना उजाळा देतात तसाच धातूलाही देतात, आणि धातूचा अर्थ जुना आहे, आठवणींचा त्यावरून आलेला.

मिरजवाली

उजाळा बॉटमपुरता ठीक. सील बदललं, तेल बदललं, ते उजाळ्यात कुठं येतं? मला तर या कामाला एक शब्द नाही याचं काही वाईट वाटत नाही. काम तीन कारागिरांचं आहे : फिटरचं, क्रोमवाल्याचं आणि बफवाल्याचं. शब्दही तीन असू देत.

घाटमाथा

वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ ला पहिला खंड निघाला, तेव्हापासून परिभाषा घडवायची सवय आपल्या सातारा जिल्ह्याला आहे. एखादा शब्द तिकडून घडवून घ्यावा.

लेथकाम

शब्द जरूर घडवा. मी मात्र बिलावर 'पाइप क्रोम, बॉटम बफ, सील जोडी' असंच लिहिणार. गिऱ्हाईक बिल वाचतं, परिभाषा नाही.

मिरजवाली ताईंचं पटलं. मुलामा आणि झिलई, हे दोन शब्द आमच्या पोराला सांगितले, तो बफवर असतो. म्हणाला, मग बॉटमला स्प्रे मारतात त्याला काय म्हणायचं? त्याला रंग म्हणायचं, बाबा.

सदरबझार

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला फोन केला आणि उभयान्वयी सरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला : घेतलेत की गेलेत? तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "घरीच पेपर मारलाय हो, गंज होता थोडा." म्हणजे घेतलेत, पण जायच्या मार्गावर आहेत. रविवारी कराडला जाऊन बघतोय. काय काय बघू?

लेथकाम

टॉर्च न्या. उन्हात क्रोमवरचे चरे लपतात, टॉर्च तिरपी धरली की दिसतात. मग नख, वरून खाली आणि गोल, दोन्हीकडून. डस्ट सील वर सरकवून आत बघा, गंजाचं पाणी साठलंय का. गाडी स्टँडवरून खाली घेऊन पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर जोरात दाबा, चार-पाच वेळा. मग पाइपवर बोट फिरवा. तेलाचा पातळ थर चालतो. तेलाचं कडं उमटलं तर सील गेलंय. आणि तो म्हणेल, "नुसता घाम आलाय." घाम गाडीला येत नाही, तेवढ्याचे पैसे कमी करून घ्या.

गावभाग

आणि कुठल्या नंबरचा पेपर मारला ते विचारा. १००० च्या खालचा आकडा सांगितला तर पाइपची किंमत शून्य धरा.