मदत हवी आहे: फुटबॉलवेड्यांचा ग्रुप, दंडाचा डबा आणि पावतीचा घोळ

नमस्कार मंडळी,

मी भुसावळचा. आमचा फुटबॉल बघणाऱ्यांचा ग्रुप आहे. आर्सेनल, लिव्हरपूल, युनायटेड, बार्सा, रिआल सगळे एकाच हॉलमध्ये, त्यामुळे शांतता हा प्रकार नाही. रेल्वेतले आहेत, दीपनगर-वरणगावचे नोकरदार आहेत, रावेरकडचे दोन-तीन केळीवाले आहेत, कॉलेजची पोरं-पोरी आहेत. 2022 च्या डिसेंबरात अर्जेंटिना-फ्रान्स फायनल एका मित्राच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर एकत्र पाहिली, तेव्हापासून जमतो.

पैसे गोळा करायची पद्धत आमची आम्हीच काढली. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. तुमच्या टीमने गोल खाल्ला की गोलामागे दहा रुपये. मॅच रेकॉर्ड करून बघणाऱ्याला कोणी आधीच स्कोअर सांगितला तर पन्नास, आणि त्यात माफी नाही. खरी जमा मात्र थंडीत होते, भरीत पार्टीला. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि समोर मॅच. ताटामागे खर्च वजा जाता उरेल ते डब्यात. त्यातून सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेला दरवर्षी खेळाचं सामान देतो.

आता अडचण. एका ओळखीच्या कारखानदाराने मोठी रक्कम देऊ केली आहे, पण त्याला 80-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी, पावती हवी. दुबईला असलेला आमचा मेंबर तिकडून पैसे पाठवतो म्हणतो. आणि सगळा व्यवहार आजवर एकाच मित्राच्या फोनवरच्या यूपीआयवर चालतो. तो बिचारा प्रामाणिक, पण त्याच्या घरी विचारणा सुरू झाली आहे की हे कुणाचे पैसे येतात-जातात. अर्धा ग्रुप म्हणतो ट्रस्ट करून टाका. अर्धा म्हणतो, ट्रस्ट झाला की अध्यक्ष आला, अध्यक्ष आला की बॅनर आला, मग फुटबॉल राहतो बाजूला. मला दोन्ही पटतं, तीच पंचाईत. कोणी यातून गेलंय का?

पांझराकाठचा

भाऊ, धुळ्यात गणेश मंडळाचं कागदपत्रांचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यावरून सांगतो. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या 41-क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणपतीत मंडळं घेतात तीच. तुमचा आपसातला डबा वेगळा आणि बाजारपेठेत फिरून वर्गणी मागणं वेगळं. भरीत पार्टीची ताटं बाहेरच्यांना विकता का? मग परवानगीचं बघाच.

ताळेबंद

मी हिशेबाच्याच धंद्यातली. तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत.

संस्था नोंदवायची तर किमान सात जण लागतात. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी आणि आपल्या राज्यात त्याबरोबरच 1950 च्या कायद्याखाली विश्वस्त नोंदणी, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतं. इथवर सोपं. पुढे दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणीत माणूस बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज. बहुतेक संस्था इथेच अडकतात. कारण उत्साही सेक्रेटरीची बदली होते, आणि तुमच्याकडे तर रेल्वेवाले! 80-जी मिळवायला आयकर खात्याकडे वेगळा अर्ज, आणि ते मिळालं तरी 2,000 रुपयांच्या वर रोखीने घेतलेल्या देणगीवर देणाऱ्याला सूट नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्या व्यक्तीलाही ती मिळत नाही, तेव्हा कारखानदारांना आधी हेच विचारा. कदाचित पावतीचा आग्रहच संपेल.

दुबईवाला भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो. तिथे हात घालू नका.

आणि मित्राचं खातं आजच मोकळं करा. नोंदणी नसलेल्या गटालाही ठराव आणि पॅनवर बँक खातं देते. दोघांच्या सहीने चालवा.

गोलपोस्ट_जळगाव

ट्रस्टबिस्ट राहू द्या हो. ज्यांच्याकडे आधीच 80-जी आहे अशी विश्वासाची संस्था गाठा, देणगीदाराला थेट तिकडे पाठवा आणि तुम्ही फक्त माणसं जमवा. पैसा हातात घेतलाच नाही तर हिशेब कोण मागणार?

लिव्हरपूल आणि एव्हर्टन, एकमेकांचं तोंड न बघणारे, पण 2015 पासून त्यांचे चाहते मिळून मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर गरजूंसाठी धान्य-डबे गोळा करतात. वस्तूच घ्यायच्या. सेल्टिक क्लब तर 1887 मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरिबांसाठी पैसे उभे करायलाच निघाला. कोलकात्यात 16 ऑगस्टला रक्तदान असतं, 1980 मध्ये ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बीच्या वेळी चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक गेले त्यांच्या आठवणीत. रक्तदानाला पावती लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात रक्तपेढ्या कोरड्या पडतात, तेव्हा करा.

सबस्टिट्यूट

एक विचारू? मॅचचा निकाल ओळखा, पैसे भरा, जिंकणाऱ्याला अर्धे, बाकी चॅरिटीला, असं काही करता का? आमच्याकडे पुण्यात सुरू केलं होतं. एका मेंबरचे वडील वकील, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावलं. चॅरिटीचं नाव लावलं म्हणून जुगाराचा जुगार राहत नाही असं नाही. लकी ड्रॉची तिकिटंही नकोत, लॉटरी सरकारच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. आणि मोठ्या पडद्यावर तिकीट लावून मॅच दाखवणं हा प्रक्षेपण हक्काचा मामला, घरचं सबस्क्रिप्शन त्याला चालत नाही. ताट जेवणाचं असू द्या, मॅचचं नको. चॅम्पियन्स लीग बहुतेकदा मध्यरात्रीनंतर असते, तेव्हा गच्चीवर स्पीकरही नको, रात्री दहानंतर बंदी आहे.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ताई, बदल्यांचं बरोबर ओळखलंत, आमचे दोघे खजिनदार नागपूर आणि सोलापूरला गेले. निकाल ओळखायचा खेळ चालू होता, तो थांबवतोय. आता खातं गटाच्या नावावर काढायचं आणि कारखानदारांना थेट शाळेच्या संस्थेकडे पाठवायचं, एवढं बहुमताने झालं. ट्रस्टवाले अजून नाराज आहेत.

आता दुसरं. यंदा सगळ्या मुलांना स्टडचे बूट द्यायचे असं घाटतंय. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातलं कोणी आहे का?

तोरणमाळ_रोड

आहे ना. मी त्याच पट्ट्यात शिक्षक आहे. दादा, स्टडचे बूट आणू नका. मैदान मुरमाचं, लांब स्टड त्यात रुतत नाहीत, पोरं घसरतात. सपाट रबरी तळाचे चालतील, पण मापं वर्षभरात बदलतात, म्हणून मुलांच्या नावाने न देता शाळेच्या नावाने द्या, मापांप्रमाणे पेटीत ठेवता येतात. त्याआधी चेंडू बघा. चकचकीत चेंडूचं वरचं कातडं मुरमावर पंधरवड्यात सोलून निघतं, जाड रबरी टिकतात. बारापर्यंतच्या पोरांना चार नंबर, मोठ्यांना पाच. आणि पंप, पण पंपापेक्षा त्याच्या पिना जास्त द्या. आमच्या कपाटात आत्ता चांगले चेंडू हवा नसलेले पडून आहेत, पिन मोडली म्हणून. मुलींचा संघ वेगळा धरा, त्यांना चेंडू शेवटी मिळतो.

मूळ धागाकर्ता

सर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मापांची यादी पाठवाल का? पिना या आठवड्यातच पोस्टाने टाकतो.