वीस वॅटच्या जुन्या अँप्लिफायरला स्पीकर कोणते लावावेत?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

ठाण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी गेल्या महिन्यात एनएडी ३०२० हा अँप्लिफायर आणि एक टर्नटेबल विकत घेतला. हा अँप्लिफायर १९७८ साली बाजारात आला आणि कागदावर त्याची शक्ती ८ ओहम विद्युतरोधाच्या स्पीकरला दर चॅनल (डावी-उजवी प्रत्येक बाजू) अवघी २० वॅट आहे. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर क्लीनर मारून गेली, आता अडले आहे ते स्पीकरपाशी. खोली १० बाय १२ फुटांची, बजेट २५,००० रुपये, आणि ऐकणे मुख्यतः ख्याल व थोडे नाट्यसंगीत.

समोर दोन पर्याय आहेत. एक, दहा इंची वूफरचे (खर्ज वाजवणाऱ्या भागाचे) जुने थ्री-वे स्पीकर, म्हणजे खालचा, मधला आणि वरचा आवाज वेगवेगळ्या भागांतून वाजवणारे, ज्यांची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) ९१ डेसिबल आहे. दुसरा, पाच इंची वूफरचे नवे, छोटे बुकशेल्फ स्पीकर, जे ८६ डेसिबलचे आहेत. माझे मत जुन्यांच्या बाजूने आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर शक्ती दुप्पट लागते, म्हणजे ५ डेसिबलच्या फरकाला ती तिपटीहून थोडी जास्त लागणार. याचा अर्थ असा की थ्री-वेला माझे २० वॅट जेवढे वाजवतील, तेवढे वाजायला बुकशेल्फला ६० वॅटच्या वर द्यावे लागतील. स्पीकरच्या पाठीवर छापलेले वॅट पाहून जोडी जमवणाऱ्या दुकानदारांना हा साधा हिशेब का सुचत नाही, हे मला कळत नाही.

सुरपेटी

आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, कारण आपण हिशेब अर्ध्यावर सोडला आहे. २० वॅट म्हणजे एका वॅटपेक्षा १३ डेसिबल जास्त. ८६ डेसिबलचा स्पीकर एक मीटरवर ९९ डेसिबलपर्यंत जाईल. आपण अडीच मीटरवर बसलात तर त्यातले सुमारे ८ डेसिबल जातील आणि दोन स्पीकर असल्यामुळे ३ परत मिळतील. उरले ९४, तेही भिंतींवरून परतणारा आवाज न धरता. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी यातले १५ डेसिबल राखून ठेवले, तरी सरासरी आवाज ८० च्या आसपास राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत त्याहून मोठ्याने ख्याल लावलात तर अँप्लिफायर क्लिप होण्याआधी, म्हणजे त्याची ताकद संपून आवाज फाटण्याआधी, शेजारी क्लिप होतील.

आपण खोलीचा विचार केलेलाच दिसत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप फुगतो आणि दहा फुटांच्या बाजूने ५६ हर्ट्झच्या जवळ. दहा इंची वूफर नेमका तिथेच जोर लावतो, आणि सदनिकेत तो भिंतीला चिकटून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. मग जे ऐकू येते तो खर्ज नसतो, ती भिंतींची घुमघुम असते. गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची असते, आणि तिचे वैभव मूळ स्वरापेक्षा त्याच्याबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांमध्ये असते. बीबीसीने ध्वनिक्षेपणाच्या फिरत्या गाड्यांतल्या अरुंद जागेसाठी १९७० च्या दशकात घडवलेला एलएस ३/५ए हा पाच इंची वूफरचा स्पीकर जेमतेम ८३ डेसिबलचा आहे, तरी मानवी आवाजासाठी जाणकार आजही त्याचेच नाव घेतात.

ओहमकार

दोघेही डेसिबल मोजत बसला आहात आणि ओहमकडे कोणाचेच लक्ष नाही. सुरपेटी यांनी ज्या बीबीसी स्पीकरचा दाखला दिला, तो मूळ १५ ओहमचा होता. त्याला जोडल्यावर ८ ओहमच्या हिशेबाचे २० वॅट सुमारे ११ वरच येतात. जुन्या थ्री-वेची गोष्ट नेमकी उलटी असते. पाठीवर ८ ओहम छापलेले असते, पण वूफर आणि मिडरेंज (मधला आवाज वाजवणारा भाग) यांचे काम जिथे एकमेकांत मिसळते तिथे तो आकडा कधीकधी ४ च्या खाली घसरतो आणि अँप्लिफायरकडून दुप्पट करंट मागतो. असे अवघड स्पीकर सांभाळण्याबद्दल ३०२० ची ख्याती होती हे खरे, परंतु ती नव्या कोऱ्या यंत्राची ख्याती होती. आपल्या यंत्रातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदललेले नसतील, तर चाळिशी उलटलेल्या गड्याच्या पाठीवर तरुणपणीचे पोते चढवू नये.

पाठीवरच्या वॅटबद्दल धागाकर्त्यांशी मी सहमत आहे. तो आकडा स्पीकरच्या सहनशक्तीचा असतो, भुकेचा नव्हे, त्यामुळे '१०० वॅट' लिहिलेला स्पीकर २० वॅटच्या अँप्लिफायरला लावायला काहीच हरकत नाही. ट्वीटर (वरचा, बारीक आवाज वाजवणारा भाग) जळतो तो आवाज फाटायला लागल्यावरही बटण पुढे रेटत राहिल्याने. आपल्या अँप्लिफायरच्या मागे सॉफ्ट क्लिपिंगचा, म्हणजे आवाजाचे फाटणे सौम्य करणारा, खटका आहे, तो चालू ठेवावा.

खर्जप्रेमी

सुरपेटी, आपला युक्तिवाद वाचायला पटतो, कानाला पटत नाही. रविवारी मी दोन्ही जोड्या एकाच अँप्लिफायरवर, एकाच तबकडीने ऐकल्या. बुकशेल्फवर गायकाचा आवाज नेटका होता, पण विलंबित तालात तबलजीने डग्ग्यावर मनगट दाबून मींड काढली तेव्हा ती ओढ मला ऐकू आली, जाणवली मात्र नाही. थ्री-वेवर ती पोटात जाणवली. घुमघुम होती, हे मान्य. त्या स्पीकरच्या मालकाने ते भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले तेव्हा ती बरीच ओसरली. आणि आवाज हळू ठेवला असतानाही मोठ्या स्पीकरमध्ये जो भरीवपणा राहतो, तो आपल्या ९४ डेसिबलच्या हिशेबात कुठे बसतो?

सुरपेटी

तो बसत नाही, हे प्रांजळपणे मान्य करतो. पण ती दीड फूट जागा आपल्या खोलीत रोज मिळणार आहे का, हे घरच्यांना विचारून पाहा!

जुन्या स्पीकरबाबत माझा विरोध अनुभवातून आलेला आहे. मीही एकदा असेच मोठे स्पीकर घेतले होते. विकणाऱ्याने आधीच बसवून ठेवलेली जाळी काढून पाहायचे मला सुचले नाही. घरी आणल्यावर वूफरच्या कडेच्या फोमला बोट लावले, तर तो शिळ्या ढोकळ्यासारखा भुगा होऊन हातात आला. असा फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतो आणि मुंबईच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. नवी कड चिकटवून मिळाली, पण त्यानंतर डावा आणि उजवा स्पीकर कधीच सारखा वाजला नाही. गायक मध्यभागी बसण्याऐवजी कायम थोडा डावीकडे सरकून बसलेला असे. नव्या जोडीत हा मनस्ताप नाही.

ओहमकार

फोम कुजतो म्हणून जुने स्पीकरच नकोत, हे मला टोकाचे वाटते. रबरी कडेचे वूफर फोमच्या मानाने कितीतरी जास्त टिकतात, तेव्हा आधी कड कशाची आहे ते पाहावे. त्यानंतर अँप्लिफायर सोडवून मल्टिमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, आणि दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असल्यामुळे मीटरला तो दिसत नाही, म्हणून एकेक चॅनल वाजवून, जाळी काढून, कान ट्वीटरपाशी नेऊन ऐकावे. शेवटी वूफरच्या शंकूवर दोन्ही बाजूंना बोटे टेकवून तो अलगद आत दाबावा. शंकूमागची तारेची कॉइल घासत असेल तर खर्रकन आवाज येतो.

एवढ्यातून थ्री-वे पार पडले तर धागाकर्त्यांनी ते खुशाल घ्यावेत, मात्र ठरलेल्या रकमेतले काही हजार अँप्लिफायरच्या कपॅसिटरसाठी बाजूला ठेवूनच.

खर्जप्रेमी

मालकाला फोन करून विचारले. कड रबरी आहे असे ते म्हणतात, पण जाळी कशी निघते हे त्यांना ठाऊक नाही. शनिवारी मल्टिमीटर आणि एक पातळ पेचकस घेऊन जातो आहे.