मदत हवी आहे: कला-इतिहास डोक्यात राहत नाही, 12 दिवस उरलेत

करडी_मांजर
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. 12 दिवस उरलेत आणि कला-इतिहास डोक्यात राहत नाहीये. गुहाचित्रांपासून पिकासोपर्यंत सगळं आहे. सनावळ्या पाठ झाल्या, तक्ते फ्रिजवर चिकटवले, नवरा दूध काढताना मेसोपोटेमिया वाचतो. तरी काल परत 20 पैकी 4! फ्रान्सच्या लास्को गुहेला स्पेनची अल्तामिरा लिहिलं, सारनाथच्या बुद्धाला मथुरेचा, आणि माने-मोने हे फ्रेंच चित्रकार तर दर वेळी उलटे. कोणाकडे काही युक्ती आहे का? "आवड असली की आपोआप येतं" छाप सल्ले कृपया नकोत. जरा लवकर सांगा.

दगडफोड्या
परीक्षा कोणती? जी. डी. आर्ट, नेट, की आणखी काही? 20 पैकी 4 म्हणजे कशात, रिकाम्या जागा की निबंध? एवढं तरी सांगा, म्हणजे बोलता येईल.

तिसरी_घंटा
शाळेतली चित्रकलेची इंटरमिजिएट असेल तर काळजी करू नका. माझ्या मुलीला ए ग्रेड मिळाली. स्थिरचित्रात आधी सावली लावायची, मग रंग. पोस्टर कलर पातळ करू नका, कागद फुगतो. दहावीला गुणही वाढतात.

दगडफोड्या
घंटाताई, त्यांनी चित्र काढायचं कुठे म्हटलंय?

जांभा_सडा
अल्तामिरा-लास्को कशाला घोकताय? आमच्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर या. जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळीला अख्खा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत. उन्हं कलली की रेषा उठून दिसतात, भर दुपारी गेलात तर पायाखाली हत्ती आहे हेही कळायचं नाही. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव लागलं, तरी पोरं पाठ करतात स्पेन.

करडी_मांजर
कातळशिल्पं अभ्यासक्रमात नाहीत. आणि मी पोर नाही, 47 वर्षांची आहे.

रंगारी_आळी
तंत्रावरून लक्षात ठेवा, सोपं जातं. अजिंठा फ्रेस्को, इटलीचा जोत्तो फ्रेस्को, लिओनार्दोचं शेवटचं भोजन फ्रेस्को. भिंत दिसली की फ्रेस्को.

दगडफोड्या
तीनपैकी दोन चूक. अजिंठा फ्रेस्को नाही, म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवलेलं नाही. तिथे माती, भाताचा तूस, गवताचे धागे यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी. काही निळा तर अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. जोत्तोने पादुआच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, 1305 च्या सुमारास काम केलं ते ओल्या चुन्यावर. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. नीट पाहिलं तर भिंतीवर त्या दिवसांचे सांधे दिसतात. लिओनार्दोला एवढी घाई मानवणारी नव्हती, म्हणून 1495 ते 98 मध्ये त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटायला लागले.

रंगारी_आळी
आम्हाला गाइडने फ्रेस्को म्हणूनच सांगितलं होतं. मराठीत भित्तिचित्र म्हणा की, वाद मिटला.

दगडफोड्या
भित्तिचित्र म्हणजे भिंतीवरचं चित्र. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यात मुरलेला रंग. वाद मिटला नाही. आणि हो, जोत्तोचा निळाही कोरड्यावरच चढवलेला आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी गळून पडलाय.

भटकी_जमात
अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, लेणी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद. गाडी फर्दापूर फाट्याला लावून पुढे बसने जावं लागतं. टोपी आणि पाणी घ्या.

करडी_मांजर
मी कुठेही जाणार नाहीये!! मार्च अखेर आहे, बँकेतून सुट्टी मिळत नाही. संध्याकाळचा प्रमाणपत्र कोर्स आहे. पडद्यावर एक चित्र 1 मिनिट दाखवतात, खाली नाव नसतं. आपण कृती, ठिकाण, काळ लिहायचा आणि ओळखण्याची दोन कारणं द्यायची. अशी 20 चित्रं. सनावळ्या मला तोंडपाठ आहेत हो, चित्र समोर आलं की पाटी कोरी. शिकवणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले "बघत राहा".

दगडफोड्या
हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंत तर माझा चुना वाचला असता.

निवृत्त_मास्तर
करडीताई, तक्ते फ्रिजवरून काढा. तुम्ही नावं शिकलात, चित्रं शिकला नाहीत. काळाच्या क्रमाने जाऊ नका. एक विषय धरा आणि तो वेगवेगळ्या काळांत शेजारी शेजारी ठेवा. नाव हाताने झाकायचं आणि मोठ्याने बोलायचं, काय दिसतंय ते.
डेव्हिडचे पुतळे घ्या, बायबलमधला, गोफणीने धिप्पाड गोलायथला मारणारा. डोनातेल्लोचा ब्राँझचा: डोक्यावर टोपी, पायात बूट, पायाखाली गोलायथचं मुंडकं. म्हणजे लढाई संपली. मायकेलँजेलोचा संगमरवरी, 1501 ते 1504, सुमारे 17 फूट उंच: गोफण खांद्यावर, कपाळाला आठी, लढाई अजून व्हायचीय. बर्निनीचा, 1623-24: ओठ दाबलेले, कंबरेतून पिळवटलेला, दगड आत्ता सुटणार. हलणारं शरीर आणि नाट्य दिसलं की बरोक, म्हणजे बर्निनीच्या काळातली शैली, लिहा. तुमची दोन कारणं तिथेच मिळाली.
तसाच बुद्ध. गांधारचा करड्या दगडाचा, केस कुरळे-लाटदार, अंगावर जाड चुण्यांचं वस्त्र. मथुरेचा कुषाण काळातला, ठिपक्यांच्या तांबड्या वालुकाश्मात, उजवा खांदा उघडा, छाती भरदार. सारनाथचा गुप्तकाळातला, पिवळसर दगडाचा. वस्त्राला चुणी नाहीच, गळ्याशी आणि पायाशी कड तेवढी दिसते. डोळे मिटत आलेले. मथुरेचा तुमच्याकडे बघतो, सारनाथचा स्वतःत बघतो. हे एकदा दिसलं की परत गफलत होत नाही.

ओली_शाई
माने-मोने माझ्याकडून घ्या. दोन्ही आडनावं आपल्याकडचीच वाटतात, त्यामुळे गोंधळ होतोच. मानेंकडे माणसं, मोनेंकडे पाणी. मानेंची ऑलिम्पिया 1863 ची, थेट तुमच्याकडे रोखून बघणारी. मोनेंचं सूर्योदयाचं बंदर 1872 चं. 1874 च्या प्रदर्शनात ते टांगलं आणि एका समीक्षकाने त्याच्या 'इंप्रेशन, सनराइज' या नावावरून खिल्ली उडवली, तिथून मोने आणि साथीदारांना 'इंप्रेशनिस्ट' हे नाव पडलं.

दगडफोड्या
मोनेंची छत्रीवाली बाई? ती माणूस नाही?

ओली_शाई
तिच्यात बाईपेक्षा वारा जास्त आहे.

रंगारी_आळी
गुहांचंही तसंच. छतावर बायसन दिसला की अल्तामिरा, भिंतीवर मोठे बैल-घोडे दिसले की लास्को.

दगडफोड्या
लास्कोतही बायसन आहेत. एक तर पोट फाटलेला, समोर आडवा पडलेला माणूस. नुसत्या प्राण्यावर जाऊ नका, दगड बघा. अल्तामिरात छताचे फुगवटे वापरून बायसनची पाठ उठवलीय, लाल आणि काळा रंग. लास्कोची भिंत पांढुरकी, त्यावरचा सगळ्यात मोठा बैल 5 मीटरच्या वर. आणि मध्य प्रदेशातलं भीमबेटका आलं तर सरसकट अश्मयुग लिहू नका. घोडेस्वार दिसले तर तो थर बराच नंतरचा.

रंगारी_आळी
शेवटी मी बरोबरच होतो म्हणजे. थोडा.

जांभा_सडा
कोकणातले सडे बघितले असते तर हा वादच झाला नसता.

निवृत्त_मास्तर
आधुनिकमध्ये मात्र सांभाळून. मुंबईच्या चित्रकारांच्या 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये हुसेनांचे घोडे, आरांची फुलं ओळखता येतील. पण रझा म्हणजे बिंदू हे डोक्यात धरून बसाल तर त्यांची सुरुवातीची निसर्गचित्रं आली की फसाल.

करडी_मांजर
मास्तर, काल रात्री तिन्ही डेव्हिड फोनवर घेतले, नावं झाकली आणि नवऱ्याला बर्निनीसारखं उभं राहायला लावलं. त्याची कमर धरलीय, पण बर्निनी मी आता विसरत नाही. आज घरीच 20 चित्रं लावली, 11 आली. सारनाथ बरोबर. माने परत चुकले, कारण नदीत होडी होती आणि होडीत मोने. माने मोनेंना रंगवत बसले होते!

ओली_शाई
ते चित्र 1874 चं, मोने होडीत बसून चित्र काढताहेत. ते आलं तर माझी युक्ती सोडून द्या.

नवा_सभासद_7
धागा वरवर चाळला. परीक्षा कोणती ते सांगितलंत तर मदत करता येईल.