मदत हवी आहे : पंप अ‍ॅक्शन बंदुकीच्या पुढच्या दस्त्याचा नट हलत नाही

प्रश्न

12 बोअर पंप अ‍ॅक्शन, म्हणजे पुढचा दस्ता मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, जुनी, परदेशी बनावटीची. पुढचा सरकता लाकडी दस्ता खालून उभा तडकलाय, बदलायचा आहे. तो ज्या गोल नटाने आवळलेला असतो तो कंपनीतून बसवल्यापासून कधी निघालेला दिसत नाही. नटाला समोरासमोर दोन खाचा आहेत. परवानाधारक दुकानातला कारागीर म्हणतो की खाचेत छिन्नी लावून हातोडीने फिरवू. एक खाच आधीच थोडी चेपली आहे. छिन्नी चालेल का? नाहीतर दुसरा कुठला मार्ग? दस्ता पुण्यातच सागवानात करून घ्यायचा आहे.

प्रतिसाद 1

छिन्नी नको. एकाच खाचेवर मार बसला की नट अंडाकृती होतो, दस्त्याच्या लाकडाआतल्या धातूच्या नळीचे आटे चेपतात, आणि मग दस्ता काडतुसांच्या नळीवर घासत चालतो. ते दुरुस्त करणं नट काढण्याहून अवघड.

आधी घडण सांगा. रेमिंग्टन 870 च्या जातीची असेल तर बंदुकीची नळी (बॅरल) काढल्यावर डावीकडची काडतूस अडवणारी पट्टी आत दाबायची, की बोल्टसकट (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागासकट) दस्ता पुढे निघून येतो. मॉसबर्ग 500 च्या जातीची असेल तर आधी चापाचा संच काढावा लागतो, मग बोल्टखालची सरकपट्टी रिसीव्हरमधल्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या सांगाड्यातल्या) खाचांशी जुळवून उचलायची. शिवाय 500 मध्ये काही दस्ते मागे बोल्टकडे जाणाऱ्या लांब पट्ट्यांशी एकसंध असतात, त्यांना नटच नसतो. दोन्हीत नटाचे आटे साधे, म्हणजे समोरून पाहताना डावीकडे फिरवून सुटतात. उलट्या आट्याचा समज धरून आणखी आवळू नका.

प्रतिसाद 2

कामाला हात लावण्याआधी कायद्याचं एक. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 मध्ये दुरुस्तीसाठीही परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. दुकानात देताय हे ठीक. पण भोसरीच्या लेथवाल्याकडे दस्ता-पट्ट्यांचा संच घेऊन जाऊ नका. त्याला फक्त मापाचा कागद द्या. परदेशी संकेतस्थळावरून भाग मागवायचा विचारही सोडा, कस्टममध्ये अडकेल.

प्रश्नकर्ता

870 सारखीच आहे. संच बाहेर काढून ठेवलाय दुकानात. डब्ल्यूडी-40 मारून झालं, फरक नाही.

प्रतिसाद 3

तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही, कारण नटाचा मागचा पृष्ठभाग लाकडावर घट्ट बसलेला असतो. हा नट बहुतेक वेळा गंजाने अडकलेला नसतो, लाकडाने धरलेला असतो. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगलं की ते नटाला पुढे रेटतं आणि आटे ताणाखाली राहतात. तुमचा दस्ता तसाही टाकायचाच आहे, म्हणून सर्वात सोपा उपाय म्हणजे तोच कापून काढणं.

मात्र आधी माप घ्या. लांबी, दोन्ही टोकांचा बाहेरचा व आतला व्यास, पट्ट्यांच्या खोबणीची रुंदी-खोली, हे सगळं व्हर्निअरने. पुढून-मागून कागदावर छाप घ्या. मग तडकलेल्याच रेषेवर बारीक दातांच्या हॅकसॉने चीर द्या, धातूला पातं लागायच्या जरा आधी थांबा, उरलेलं पातळ छिन्नीने उकला. अर्धे भाग जपून ठेवा, सुताराला नमुना म्हणून चिकटवून देता येतात. लाकूड गेलं की नटावरचा ताण उतरतो. निम्म्या वेळा तो इथेच हाताने फिरतो.

नाही फिरला तर आता आटे उघडे आहेत. मागून तेल सोडा, रात्रभर उभं ठेवा. दुसऱ्या दिवशी हत्यार लावा.

प्रश्नकर्ता

हत्यार म्हणजे? आडवी पट्टी?

प्रतिसाद 3

पट्टी चालते, पण ती खाचेतून उसळून वर येते, आणि तुमची एक खाच आधीच चेपलेली. लेथवर गोल हत्यार करून घ्या. पुढचा भाग आतल्या नळीत 0.2 मिमी ढिला बसेल इतका, त्यामागे खाचेच्या मापाचे समोरासमोर दोन दात, मागे 24 मिमीचं षट्कोनी डोकं, आणि मधून 10.5 मिमीचं आरपार भोक. त्यातून 10 मिमीचा आटेवाला रॉड घाला, पलीकडच्या टोकाला जाड वॉशर व नट लावा. हे आवळलं की दात खाचेतून निसटू शकत नाहीत. धातू ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) पुरे. चेपलेली खाच आधी सुई-कानशीने सरळ करा, पण रुंद करू नका.

नट सुटताना बाहेर येतो आणि रॉडवर ताण वाढतो. म्हणून पाव फेरा झाला की रॉडचा नट तेवढाच ढिला करायचा. हे विसरलं की वाटतं पुन्हा अडकलं, आणि माणूस जोर करतो.

धरायचं कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. लांब पट्ट्यांची टोकं व्हाइसमध्ये धरून फिरवलं तर पट्ट्या पिळवटतात. नजरेला दिसत नाही, पण जोडल्यावर बंदूक रखडत चालते. नळीच्या मुळाशी धरा. दोन पट्ट्यांमध्ये नेमक्या मापाचा लाकडी ठोकळा, बाहेरून दोन ठोकळे.

प्रतिसाद 4

हेअर ड्रायरने नट गरम केला तर तेल लवकर शिरतं, ते करा. गॅसची टॉर्च नको. पट्ट्या नळीला ब्रेझिंगने जोडलेल्या असतात, आणि काळा मुलामाही उडेल.

नवीन दस्त्यासाठी पूर्ण वाळलेलं सागवान घ्या. तयार झाल्यावर आतून आणि दोन्ही कापलेल्या टोकांना जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. बाहेरून पॉलिश आणि आतून कोरडं ठेवलं तर पावसाळ्यात पुन्हा हेच. नट हाताने बसवून मग कडेवर मोजून फक्त पाऊण-एक मिलिमीटर पुढे फिरवा, खाचेच्या जागेवर पेन्सिलची खूण करून. लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावायचंच असेल तर निळं, एक थेंब. लाल अजिबात नको.

प्रतिसाद 1

जोडताना पट्ट्या रिसीव्हरमध्ये सरकवताना दोन्ही बाजूंच्या काडतूस-पट्ट्या एकेक करून दाबाव्या लागतात, तिथे ठोकू नका. दस्ता पूर्ण मागे ओढल्यावर लाकूड रिसीव्हरला टेकत असेल तर मागून घासून घ्या. काडतुसांच्या नळीत गेलेलं तेल कोरड्या फडक्याने निपटून काढा, तेल प्रायमरपर्यंत (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत) गेलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. मग डमी काडतुसांवर चालवून बघा, कारागिरासमोरच.