एकटे राहणारे ज्येष्ठ आणि स्मृतिभ्रंश : आपले अनुभव लिहा

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा स्मृतिभ्रंश बहुधा उशिरा लक्षात येतो, कारण जुन्या आठवणी बराच काळ शाबूत राहतात आणि फोनवरचे बोलणे नेहमीसारखेच वाटते. आपल्या घरी तो कशावरून कळला आणि पुढे काय सोय केली, हे कृपया लिहावे. सुरुवात मीच करते.

आई साताऱ्याला एकटी आणि मी ठाण्यात. रोज रात्री नऊला फोन केला, की ‘पिठलं-भात केला होता, जेवले’ असे ती सांगायची. दिवाळीला गेले, तेव्हा ओट्यावर बुरशी आलेला भात होता, फ्रिजमध्ये दुधाच्या अकरा पिशव्या होत्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे पिठाच्या डब्यात होती. तीन आठवडे रोज पिठलं-भात कसा, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

नागपूरहून : मामांच्या डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासले, कारण त्यांतल्या बिघाडामुळेही विसराळूपणा येतो व तो उपचारांनी सुधारू शकतो. मामांच्या नशिबात ते नव्हते. निदान अल्झायमरचेच निघाले.

पुण्याहून : आत्याचे मुखत्यारपत्र माझ्या नावे असल्याने मी निश्चिंत होतो. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीचे निर्णयभान गेले की असा अधिकार संपुष्टात येतो, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते, हे वकिलांनी सांगेपर्यंत आम्हांला ठाऊक नव्हते. शेवटी पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागला. निदान लवकर झाले असेल, तर व्यवहार समजतो आहे तोवरच बँकेची कामे मार्गी लावावीत.

डोंबिवलीहून : काकूंनी दोनदा दूध करपवले, म्हणून आम्ही हौसेने इंडक्शनची शेगडी आणली. हा आमचा शहाणपणा अंगाशी आला, कारण या आजारात नवे काही शिकणे फार कठीण होते. काकू त्या काळ्या काचेवर काडी ओढून बघत बसायच्या. गॅस परत जोडला आणि स्वयंपाकाची वेळ संपली की रेग्युलेटर बंद करण्याचे काम शेजारच्या वहिनींनी आपणहून घेतले. काकूंना आता माझे नाव आठवत नाही. वहिनींना मात्र त्या ‘गॅसवाली’ म्हणून दारातूनच ओळखतात.