मदत हवी आहे: कॅनडाच्या एअर फोर्सचं जुनं लॉगबुक, त्यात 'गुजरात' आणि 'अट्टा'

केतकी_बे:

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असते पण आता पार अडलंय म्हणून धागा काढतेय. मी ऑन्टॅरिओत बेलव्हिलला राहते, ट्रेंटनचा एअर फोर्स बेस इथून जवळच, हर्क्युलिस विमान डोक्यावरून गेलं की आमच्या लोणच्याच्या बरण्या किणकिणतात, त्याची आता सवय झालीय.

शेजारी एक कॅनेडियन आजी आहेत, वय 81, मी त्यांना आजीच म्हणते आणि त्यांना ते आवडतं. पुढच्या महिन्यात त्या सीनियर होममध्ये जाणार म्हणून आवराआवर चाललीय, परवा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या, म्हणे तू इंडियाची ना, मग हे तूच वाच. आत त्यांच्या वडिलांचं रॉयल कॅनेडियन एअर फोर्समधलं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही. वडील दुसऱ्या महायुद्धात 1944 ला निघाले तेव्हा आजी सात महिन्यांच्या, परत आल्यावर त्यांनी त्या दिवसांबद्दल कधी एक शब्द काढला नाही, 1991 ला गेले.

लॉगबुकाची पहिली काही पानं पाण्यानं चिकटलीयत, त्यामुळे स्क्वाड्रन नंबर कळत नाही. पुढे ऑक्टोबर 1944 पासून 'गुजरात' असं बऱ्याचदा आहे, मग 'कांगला', मग एक नाव क्याउक काहीतरी, वाचताच येत नाही. विमान सगळीकडे डकोटा, म्हणजे मालवाहू. आणि रिमार्कच्या रकान्यात बॉम्ब वगैरे काही नाही, नुसतं राइस, सॉल्ट, अट्टा, परत राइस, अट्टा. आजींना आयुष्यभर वाटत होतं की अट्टा हे बर्मातल्या एखाद्या गावाचं नाव, त्यांनी नकाशात शोधलंसुद्धा म्हणे. मी म्हटलं अहो आजी ही कणीक, आम्ही रोज मळतो ती! घरात नेऊन डबा उघडून दाखवला तर दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

प्रश्न असे की (1) गुजरातमधला हा विमानतळ कुठला? मी जामनगर, बडोदा, भूज सगळं धुंडाळलं, कॅनडावाल्यांचा मागमूस नाही. (2) युद्धाच्या सरकारी यादीत वडिलांचं नाव का सापडत नाही, मी दोन वेबसाइट बघितल्या. (3) एका फोटोत विमानाच्या नाकावर 'कनक्स अनलिमिटेड' लिहिलंय, याचा अर्थ काय?

जुनेविमान:

केतकीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुम्ही चुकीच्या गुजरातेत फिरताय :) हे गुजरात पंजाबातलं, चिनाबजवळचं गाव, आता पाकिस्तानात. मीही एकदा असाच फसलोय. 1944 च्या उत्तरार्धात कॅनडाच्या दोन ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रन तिथे उभ्या राहिल्या, 435 आणि 436, दोघींकडे डकोटा. ट्रेनिंग झाल्यावर त्या इंफाळच्या खोऱ्यात गेल्या, 435 तुलिहालला आणि 436 कांगलाला. तुमच्याकडे कांगला आहे आणि कनक्स अनलिमिटेड (कनक म्हणजे बोलीत कॅनेडियन माणूस) हे 436 वाल्यांनी स्वतःला घेतलेलं नाव, म्हणजे 436 नक्की. क्याउक म्हणजे क्याउकप्यू, बर्माच्या रामरी बेटावरचं, 1945 च्या उन्हाळ्यात ते तिकडे सरकले.

आणि मजा बघा, 436 आजही आहे, हर्क्युलिसच उडवते, आणि तिचा मुक्काम ट्रेंटनला. तुमच्या बरण्या हलवणारे तेच असू शकतात. चिन्हावर हत्ती आहे आणि ब्रीद 'आम्ही ओझं वाहतो' अशा अर्थाचं.

मीठभाकर:

नुसतं तांदूळ-मीठ म्हणून कमी समजू नका हां. ब्रिटिश जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीला बर्मात धड रस्ते नव्हते, पुढे गेलेल्या तुकड्या वरून पडेल त्यावर जगायच्या, मार्च 1945 मध्ये मेकटिलाला 17 वी इंडियन डिव्हिजन वेढ्यात असताना तर विमानाशिवाय काही नव्हतंच. त्यात निम्म्याहून जास्त सैन्य हिंदी, म्हणून आटा. तांदूळ पॅराशूटशिवाय टाकायचे, एका पोत्यावर सैल दुसरं पोतं चढवून, म्हणजे आतलं फाटलं तरी दाणे बाहेरच्यात राहतात. दारूगोळ्याला मात्र पॅराशूट. विमानाचं दार काढून टाकलेलं, मागे दोघंतिघं पायानं पोती ढकलायचे आणि पायलट झाडांच्या शेंड्यांवरून त्याच पट्ट्यावर परत परत घिरट्या घालायचा. पावसाळ्यात जपान्यांपेक्षा ढगांची भीती जास्त. पण जपानीही होतेच, 12 जानेवारी 1945 ला श्वेबोजवळ 435 ची दोन डकोटा पाडली त्यांनी.

नाना_खडकी:

आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, 4/5 मराठा, मार्च 1944 ला मणिपुरात सांगशाकच्या लढाईत. तेव्हा हे कॅनडावाले आलेले नव्हते, पण वरून टाकलेलं बरंचसं सामान जपान्यांच्या बाजूला पडलं हे ते शेवटपर्यंत सांगायचे, आणि सांगताना राग पाणी तिकडे गेल्याचा यायचा, दाणागोटा गेल्याचा नाही. पोरी, आजींना सांग, खाली पोतं उचलणारे आमच्यासारख्यांच्या घरातले होते.

जुनेविमान:

दुसरा प्रश्न राहिला. तुम्ही बहुतेक मृतांच्या यादीत शोधताय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जवाले आणि कॅनडाचं व्हर्च्युअल वॉर मेमोरियल दोन्हीकडे सेवेत असताना गेलेलेच सापडणार, वडील तर घरी परतले. त्यांची सर्व्हिस फाइल ऑटावाला लायब्ररी अँड आर्काइव्ह्जमध्ये असते, ती ऑनलाइन ठेवलेली नाही, अर्ज करावा लागतो. मरणाला 20 वर्षं उलटली की कुणीही मागू शकतं, फक्त मृत्यूचा पुरावा जोडायचा. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जमलं तर सर्व्हिस नंबर द्या, नंबर इंग्रजी J अक्षराने सुरू होत असेल तर ऑफिसर, R असेल तर इतर रँक. पण फाइल यायला वेळ लागतो, तुमच्याकडे महिनाच आहे, म्हणून आधी स्क्वाड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक बघा, कॅनेडियाना हेरिटेजवर मायक्रोफिल्म फुकट आहे. त्यात फॉर्म 540 म्हणजे रोजचा गोषवारा आणि फॉर्म 541 मध्ये कोणत्या विमानात कोण, किती वाजता निघालं, कधी परतलं. शोधायची सोय नाही, एकेक पान उलटायचं, चहा घेऊन बसा.

मीठभाकर:

डब्यात मेडल आहेत का? सहा टोकांचा स्टार, रिबिन मधोमध रुंद लाल, दोन्हीकडे गडद निळी आणि निळ्यात नारिंगी रेघ, तर तो बर्मा स्टार. कॅनडात महायुद्ध म्हटलं की इंग्लंडात यॉर्कशायरला असलेले बॉम्बरवालेच आठवतात, ते बरोबरच आहे म्हणा, एअर फोर्सचे सतरा हजारांवर लोक मरण पावले त्यातले दहा हजारांच्या आसपास बॉम्बर कमांडमध्ये. पण त्यामुळे हे पोती टाकणारे मागेच पडले.

केतकी_बे:

काय बोलू, जुनेविमान दादा, मी तीन आठवडे भूजला फिरत होते! मेडल नाहीये, रिबिन आहे नुसती, रंग तुम्ही लिहिलेत तसेच. काल रात्री दोन वाजेपर्यंत फिल्म बघितली, 541 मध्ये फेब्रुवारी 1945 च्या एका पानावर आजींच्या वडिलांचं नाव सापडलं, सकाळी 6.40 ला निघाले आणि दुपारी परत, त्याच दिवशी लॉगबुकात अट्टा. नाना, तुमचं वाक्य मी आजींना इंग्रजीत सांगितलं, त्यांनी तुमच्या आजोबांचं नाव विचारलंय, चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आता शेवटचं, चिकटलेली पानं घरी सुटी करता येतात का की कुणा जाणकाराकडेच न्यावीत? वाफ देऊ नको असं नवरा म्हणतोय.